उजव्या हातासाठी घडवलेला चाकू

मी चाकू बोलतोय. दचकू नका, धाक दाखवायला आलेलो नाही. आम्हाला बोलता येत असतं तर घराघरातली भांडणं आणखी वाढली असती, म्हणून एरवी आम्ही गप्पच राहतो. आज थोडं बोलतो. सावकाश बोलतो, तेवढं सांभाळून घ्या.

मी साधासुधा नाही. हाताने घडवलेला, अस्सल जपानी चाकू आहे. हे शब्द माझे नाहीत, मालकांचे आहेत. घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ते हे ऐकवत. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. माझं विचाराल तर मी चाकू आहे, आणि मला कापणं येतं. दुसरं काही येत नाही. गंमत अशी की मोठ्या कौतुकाने घरी आणल्यावर कितीतरी महिने मला तेवढं एकच करू दिलं नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या लोहाराच्या घरी झाला. पुढे दुकान, मागे भट्टी, वर राहायची खोली. मऊ लोखंडाला कडक पोलादाची पट्टी जोडून लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. पाणी दिलं तेव्हा अंगातून असा चर्र आवाज आला की मला वाटलं, संपलो. लोहार मात्र कान देऊन ऐकत होता. मूल रडलं की सुईण जशी निश्चिंत होते, तसा तो निश्चिंत झाला आणि चहा प्यायला गेला.

मग त्याने मला दगडावर घासून धार लावली. ती एकाच अंगाने. उजवीकडे उतार, डावीकडे सपाट. अशा चाकूचा हात ठरलेला असतो. उजव्या हातात मी सरळ जातो. डाव्या हातात दिलं की खाली जाता जाता एका बाजूला सरकतो, आणि फोड वर जाड, खाली पातळ होते. त्यात माझा काही राग-लोभ नाही, घडणच तशी. डावऱ्या माणसांसाठी उलट्या उताराचे चाकू करावे लागतात. लोहार तेही करायचा, थोडेच, आणि खालच्या खणात ठेवायचा. म्हणून गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न हाताचा असे. एवढं ध्यानात असू द्या, पुढचं सगळं रामायण यावरून घडलं.

एके दिवशी गल्लीच्या तोंडाशी बस थांबली आणि प्रवाशांचा घोळका दुकानात शिरला. प्रवासी मी बरेच पाहिले होते. ते आधी फोटो काढतात, मग दुसऱ्या दुकानात काय भाव आहे ते एकमेकांना सांगतात, मग चाकूच्या आकाराची चावी अडकवायची साखळी घेऊन निघून जातात. मालक त्यातले नव्हते. ते अभ्यास करून आले होते. मोठ्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी पुष्कळ गोष्टींचा अभ्यास केला होता. चहा, चष्म्याच्या काचा, पाठीचा मणका, आणि अलीकडे चाकू. फोनवर चाकूंचे व्हिडिओ पाहून पाहून ते इतके तयार झाले होते की लोहाराला माहीत नसलेल्या अनेक गोष्टी त्यांना माहीत होत्या. त्या त्यांनी लोहाराला समजावून सांगितल्या. मोठ्याने सांगितल्या. परका माणूस असला की मोठ्याने बोललं म्हणजे त्याला समजतं, अशी प्रवाशांची श्रद्धा असते. लोहार मान डोलावत राहिला. त्याला वाटलं, यांना बहुतेक स्वच्छतागृह कुठे आहे ते हवंय.

मालकांच्या शेजारी बाई उभ्या होत्या. बाई म्हणजे मालकांची बायको. त्यांनी मांडणीवरून मला उचललं, तोलून पाहिलं, आणि हवेतच एक न दिसणारा कांदा चिरला. डाव्या हाताने.

काय सांगू तुम्हाला, हात असा बसला की मूठ आणि मनगट वेगळं कळेना. पुष्कळ वर्षं पुष्कळ भाजी चिरलेला हात तो. अशा हातात पडावं म्हणून आम्ही जन्माला येतो. फक्त तो डावा होता.

लोहारानेही पाहिलं. तो वाकला आणि खालचा खण उघडू लागला.

"अगं, ठेव ते," मालक म्हणाले. "पडलं-बिडलं तर भरून द्यावं लागेल."

बाईंनी मला खाली ठेवलं. लोहार वाकलेलाच होता. त्याने बाईंच्या हाताकडे बोट केलं, मग आपला एक हात वर केला, मग दुसरा, आणि प्रश्नार्थक चेहरा केला. बाईंना वाटलं, पिशवी कुणाकडे द्यायची ते विचारतोय. मालकांना मात्र लगेच समजलं. हा प्रश्न त्यांनी व्हिडिओत पाहिला होता. त्यांनी स्वतःचा उजवा हात उंच केला, त्यावर दुसऱ्या हाताने थोपटलं आणि बायकोला म्हणाले, "उजवा की डावा ते विचारतोय. बघ, किती बारकाईने काम करतात ही माणसं. नाहीतर आपल्याकडे कुणी विचारतं का?"

बाई काही म्हणणार होत्या. पण तोवर मालक पोलादाच्या कठीणपणावर बोलू लागले होते. लोहाराने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा मालकांच्या खिशाकडे, आणि खण लावून टाकला. गिऱ्हाईक देव असतं म्हणतात. देवाला दिसतं, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.

शेवटी लोहाराने खुणेने विचारलं, पात्यावर नाव कोरायचं का? मालकांनी स्वतःचं सांगितलं. ते तिथल्या लिपीत कोरलं गेलं. तेव्हापासून आजवर ते कुणालाच वाचता आलेलं नाही, मालकांना धरून.

बाईंच्या शालीत गुंडाळून मी या घरी आलो. स्वयंपाकघर जवळून कसं असतं ते पाहायला मी आसुसलो होतो. पण माझी पेटी दिवाणखान्यात, घड्याळाच्या खाली मांडली गेली. आत मखमल. वर काच. मालकांनी माझ्यासाठी नियम केले. लिंबू कापायचं नाही. हाडाला लावायचा नाही. ओला ठेवायचा नाही. फ्रिजमधली गार वस्तू चालायची नाही, गरम तर नाहीच नाही. नियम ऐकून घेतल्यावर बाईंनी विचारलं होतं, "मग कापायचं काय?"

"तेच सांगतोय," मालक म्हणाले. "विचार करून कापायचं."

पाहुणे येत. पेटी उघडली जाई. मालक एक कागद हवेत धरून माझ्याकडून त्याच्या पट्ट्या करून दाखवत. पाहुणे म्हणत, वा. मग कुणीतरी विचारी, वापरतं कोण? मालक औदार्याने म्हणत, "हिच्यासाठीच आणलाय." आणि पेटी बंद करून वर ठेवून देत. आतून बाई कापलेली फळं घेऊन येत. ती फळं त्यांच्या जुन्या सुरीने कापलेली असत.

त्या सुरीची आणि माझी ओळख पेटी पुसायला स्वयंपाकघरात आणत तेव्हा झाली. लग्नानंतर बाईंनी हातगाडीवरून घेतलेली ती सुरी. पातं झिजून निम्मं उरलेलं, मुठीला तार गुंडाळलेली, पण दोन्ही अंगांनी धार आणि जीभही तशीच. पहिल्याच दिवशी तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "या जावईबापू."

मी म्हटलं, जावई का?

"गादीवर बसायचं, काम करायचं नाही, आणि घरातल्यांनी जपून वागायचं. दुसरं काय म्हणू?"

मला राग आला नाही. खरं ऐकून राग यायला आधी थोडं खोटं आवडावं लागतं, आणि मला ते मखमलीत पडून पडून नकोसं झालं होतं.

असंच चालायचं. पण मधे दोन गोष्टी झाल्या, आणि त्या एकाच आठवड्यात झाल्या.

पहिली अशी. पलीकडच्या रस्त्यावर एक बाई खाणावळ चालवत. आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसं तिथे जेवत आणि सगळे त्यांना आत्या म्हणत. आत्यांचे गुडघे थकले होते. त्या घरी येऊन बाईंना म्हणाल्या, मला पगारी माणूस नको, भागीदार हवी. सकाळचं स्वयंपाकघर तू सांभाळ. किती जणांना किती लागतं, काय चिरायचं, काय शिजवायचं, सगळं तुझ्या हाती. तुझा हात मी पाहिलाय, असा हात मला दुसरीकडे मिळणार नाही.

बाईंनी विचार करून सांगते म्हटलं. पण त्या दिवशी त्या भांडी लावताना गुणगुणत होत्या. जुनी सुरी मला म्हणाली, हिला गुणगुणताना ऐकून किती वर्षं झाली ते मला आठवतसुद्धा नाही.

मालकांनी नाही म्हटलं नाही. शिकलेला माणूस नाही म्हणत नसतो. ते म्हणाले, "कर की. पण तिथे वेग लागतो, एकसारखेपणा लागतो. घरचं वेगळं आणि धंद्याचं वेगळं. झेपेल का, एवढं बघ म्हणजे झालं."

दुसरी गोष्ट मालकांच्या मित्रामुळे झाली. या मित्रांना सगळे जगप्रवासी म्हणत. तुम्ही कुठलीही वस्तू दाखवा, त्यांनी ती जिथे बनते तिथे उभं राहून पाहिलेली असे. मला पाहून ते म्हणाले, "चाकू चांगला आहे. पण तिकडे असा पेटीत घालून ठेवला तर लोक हसतात हो. वापरात नसेल तर तो चाकू कसला, शोभेची बाहुली."

मालकांना ते लागलं. पाहुणा गेल्याबरोबर त्यांनी मला पेटीतून काढलं, स्वयंपाकघरात नेलं, आणि हुकूम सोडला की आजपासून या घरात फक्त हाच चाकू. शिवाय तू आता धंद्यात पडणार, तर हत्यार धंद्याचं पाहिजे. जुनी सुरी त्यांनी एका डब्यात घातली आणि डबा माळ्यावर टाकला. जाताना ती एवढंच म्हणाली, "सांभाळ रे तिला."

मला कुठून सांभाळता येणार होतं? मी तर कोणत्या हातासाठी घडलोय ते मला माहीत होतं, आणि ते सांगायला तोंड नव्हतं.

बाईंनी मला हातात घेतलं. किती वाट पाहिली होती मी त्या हाताची. समोर बटाटा. मी आत शिरलो आणि खाली जाता जाता सरकलो. फोड वर जाड, खाली पातळ. बाईंनी ती उलटून पाहिली. दुसरी कापली, तशीच. गाजर घेतलं, तसंच. कोबी तर पार उताराला लागला. मी सगळं बळ लावून दुसरीकडे रेलायचा प्रयत्न केला. पण पोलादाला मन असलं तरी कंबर नसते.

मालक शेजारी उभे होतेच. "पकड चुकतेय तुझी. बोट इथे. अंगठा तिथे. खांदा सैल सोड." बाईंनी बोट इथे ठेवलं, अंगठा तिथे ठेवला. इतकं जवळून शिकवत होते, बोट न् बोट पाहत होते. बोटं कोणत्या हाताची आहेत एवढंच राहिलं होतं. मग त्यांनी मला आपल्या हाती घेतलं, उजव्या, आणि टोमॅटोची एक चकती कापली. चकती सरळ आली. ती त्यांनी उजेडात धरून दाखवली.

"बघितलंस? चाकू तोच, टोमॅटो तोच. फरक हाताचा आहे."

म्हणाले ते अगदी बरोबर. बरोबर बोलून माणूस किती चुकू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

बाई डावऱ्या होत्या, पण सगळीकडे नाही. लिहिणं, जेवणं उजव्या हाताने, लहानपणी तसं वळण लावलेलं. पण सुरी, कात्री, सुई धरली की हात डावा. तो कुणी वळवायला गेलं नाही, कारण त्या कामाकडे कुणी बघतच नव्हतं. उजव्या हाताने कापून पाहावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. उभ्या जन्मात त्यांनी कधी तसं कापलं नव्हतं. आणि चाकूलाही हात असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात सांगितलं होतं म्हणा, पण तेव्हा सोबत कौतुकाचं भाषण होतं, त्यात ते वाहून गेलं.

दिवस जात राहिले आणि बाई मला भिऊ लागल्या. मला म्हणजे स्वतःच्या हाताला. फोडी कापून झाल्या की त्यातल्या वाकड्या त्या निवडून आधी पातेल्यात टाकत, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. मालकांच्या नजरेला पडतच. मग ते प्रेमाने सांगत की वयाप्रमाणे असं होतं, मनगटातलं बळ जातं, त्यांनी यावर वाचलंय. एका दुपारी बाई ओट्यापाशी उभ्या राहून आपला डावा पंजा उघडत होत्या, मिटत होत्या. एखादी बंद पडलेली वस्तू आपण हलवून पाहतो, तशा. गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं.

आत्यांचा फोन आला तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही दुसरं कुणी बघा. माझा हात गेला."

आत्या पलीकडून बरंच काही बोलल्या असाव्यात. शेवटी ठरलं की रविवारी आत्या जेवायला येतील आणि समोरासमोर काय ते ऐकतील. मालकांनी त्याच दिवशी जगप्रवाशांनाही बोलावून ठेवलं. चाकू आता वापरात आहे हे त्यांना दाखवायचं राहिलं होतं.

रविवारी सकाळी मालक स्टुलावर चढले. धार लावायचा खास दगडही त्यांनी परदेशातून आणला होता, तो माळ्यावर होता आणि पाहुण्यांना दाखवायचा होता. दगड हाती आला. स्टूल हललं. दगडाला काही झालं नाही, कारण मालकांनी पडताना तो छातीशी धरला होता. उजवं मनगट मात्र असं मुरगळलं की डॉक्टरांनी पट्टा बांधून हात गळ्यात अडकवून दिला.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण पाहुणे आले, चहा झाला, आणि जगप्रवासी म्हणाले, "मग, काढला का तो पेटीतून?" झालं. मालकांनी भाजी चिरायचा पाट मागवला, काकडी मागवली, मला मागवलं, आणि सगळ्यांच्या मधोमध टेबलावर मांडून डाव्या हातात धरलं.

"हात दुखतोय ना तुमचा," बाई म्हणाल्या.

"हात कुठला का असेना. तंत्र असतं ते."

त्यांनी काकडी कापली. चकती वर जाड, खाली पातळ. ती त्यांनी हळूच बाजूला सारली. दुसरी कापली, तशीच. तिसरी तर अशी निघाली की जगप्रवाशांनी ती उचलून चष्मा लावून पाहिली. मालक म्हणाले, काकडी वाकडी आहे. कुणी आणली? दुसरी काकडी आली. मग म्हणाले, पाट डगमगतोय. पाटाखाली फडकं घातलं. शेवटी त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "मला फसवलं. पातंच वाकडं आहे. नकली माल गळ्यात मारला."

आजवर वाकडी फोड निघाली की हात गेलेला असे. त्यांच्या हातून निघाली तेव्हा काकडी गेली, पाट गेला, लोहार गेला. हात तेवढा राहिला.

"मी तेव्हाच म्हणणार होतो," जगप्रवासी आनंदाने म्हणाले. "पण म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

बाई मात्र टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मालकांची एक चकती उचलली. सकाळी त्यांनी स्वतः कापलेल्या काकड्या वाटीत होत्या, त्यातली एक उचलली. दोन्ही शेजारी धरल्या. उतार तोच. जणू एकाच हाताने कापलेल्या.

त्यांनी त्या आत्यांपुढे धरल्या. आत्यांनी पाहिलं आणि मान हलवली. पण मालकांना गप्प बसवत नव्हतं. त्यांच्या मनात आता दुसरं कारण आलं होतं आणि ते त्यांना बरं वाटलं.

"अहो, मीही काय बोलतोय," ते हसून म्हणाले. "हा उजव्या हाताचा चाकू आहे. मी स्वतः सांगून घेतलाय. डाव्या हाताने कसा सरळ जाईल? आणि डाव्या हाताने कापतं तरी कोण?"

"मी," बाई म्हणाल्या.

मालक त्यांच्याकडे पाहत राहिले. बाईंच्या हाताकडे नाही, तोंडाकडे. अजूनही.

"तू डावरी आहेस?"

"कापायला, शिवायला. लहानपणापासून."

"मग कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "रोज तुमच्यासमोरच कापत होते."

मग जगप्रवाशांना राहवलं नाही आणि ते म्हणाले, वहिनी डावऱ्या आहेत हे तर मलाही माहीत आहे, मागच्या वेळी फळं कापताना पाहिलं होतं. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा खरोखर पाहिलेली गोष्ट सांगितली, आणि तीही अशा वेळी.

बाई आत गेल्या. सकाळचं स्टूल अजून तिथेच आडवं पडलं होतं. ते त्यांनी सरळ केलं, त्यावर चढल्या, डबा काढला आणि जुनी सुरी घेऊन बाहेर आल्या. गंजाचा एक डाग पडला होता, तो पदराने पुसला. मालकांच्या समोरची उरलेली काकडी ओढून घेतली आणि कापायला लागल्या. आधी हळू. एक चकती कापली, थांबल्या, पाहिली. सरळ होती. दुसरी सरळ होती. मग हात सुटला. टेबलावर असा आवाज उठला की आत्या हसायला लागल्या. काकडी संपली तरी हात क्षणभर पुढे चालत राहिला.

बाईंनी सुरी खाली ठेवली. डाव्या तळव्यावरून एकदा उजवा हात फिरवला, जसं आजारातून उठलेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवतात. आणि आत्यांना विचारलं, "सकाळी किती वाजता यायचं?"

दुसऱ्या दिवसापासून त्या जाऊ लागल्या. जुनी सुरी रोज त्यांच्या पिशवीत जाते. निघताना माझ्याकडे बघून म्हणते, "येते हं जावईबापू, बसा तुम्ही." माझी मखमलीची पेटी मालकांनी आवरून ठेवली. पाहुण्यांना माझ्याविषयी सांगणं एकदम बंद झालं. जगप्रवाशांनाही बरेच दिवस बोलावणं गेलं नाही.

मालकांनी माफी मागितली का, असं विचाराल. नाही मागितली. त्यावर त्यांचा अभ्यास झालेला नव्हता. पण मनगट बरं झाल्यावर एके दिवशी, बाई कामावर गेल्या असताना, त्यांनी दगड पाण्यात भिजवला आणि मला घेऊन बसले. मला वाटलं, नेहमीच्या बाजूने धार लावतील. त्यांनी मला उलटं केलं. सपाट बाजू दगडावर टेकवली, आणि ती किंचित तिरकी करून घासायला लागले.

हे मोठं पाप आहे, बरं का. आमच्यासारख्याच्या सपाट बाजूला उतार दिला की तो चाकू बाद. जाणकार त्याला हात लावत नाहीत, विकायला गेलं तर कुणी घेत नाही. सगळे व्हिडिओ हेच सांगतात आणि मालकांनी ते सगळे पाहिले होते. त्यांना पुरतं माहीत होतं. तरी घासत होते. अधूनमधून मला डाव्या हातात धरून बटाट्यावर चालवून पाहत, आणि पुन्हा घासत. दुखलं मला. पण मी सरकलो नाही.

संध्याकाळी बाई आल्या तेव्हा मी ओट्यावर होतो, आणि मालक वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे बसले होते.

"आता दोन्ही हातांनी चालतो," ते वर्तमानपत्रातूनच म्हणाले.

बाईंनी मला डाव्या हातात घेतलं. बटाटा ठेवला. मी खाली गेलो, सरळ, पाटापर्यंत. दोन्ही फोडी त्यांनी बोटांनी चाचपल्या.

"बरा झालाय," त्या म्हणाल्या. मग मला उलटं करून मूठ मालकांच्या पुढे धरली. "पण माझी सुरी आहे मला. हा तुम्हीच चालवा. मला यायला उशीर होतो, संध्याकाळची भाजी चिरून ठेवत जा."

मालकांनी बराच वेळ मूठ धरली नाही. मग धरली.

तर असा मी आता आहे. ओट्यावर, सालकाढणं आणि डबा उघडायची चावी यांच्या शेजारी. अंगावर कांद्याचे डाग. लिंबूही कापतो. ओलाही राहतो. जाणकार मला पाहतील तर म्हणतील, नासवला बिचाऱ्याला. म्हणू देत. मखमलीत होतो तेव्हा अख्खा होतो आणि उपाशी होतो. आता नासलोय आणि रोज पोटभर कापतो.

तुम्हीही कधी दूरदेशी जाल. बस थांबेल, दुकान दिसेल, काचेमागे माझा एखादा भाऊ चमकेल, आणि घरच्या माणसासाठी न्यावा असं मनात येईल. जरूर न्या. लोहाराचंही पोट आहे. पण घरातून निघण्याआधी एक दिवस आपल्याच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा. काही शिकवू नका, काही सुचवू नका. आत काम चाललेलं असेल ते नुसतं बघा. तिकीट लागत नाही, आणि तिथे पुष्कळजण अजून गेलेले नाहीत.

बरं, आता थांबतो. मालक आलेत. हातात कांदा आहे. अजून त्याचं सालही काढलेलं नाही, आणि हे डोळे पुसताहेत.